श्वानाचा चातुर्मास

आषाढ शुद्ध नवमी, म्हणजे कांदेनवमी, जवळ आली कीं शहागंजच्या बाजारांतून घरीं येणाऱ्या पिशवींत कांद्यांचा भाग वाढतो. पुढें चार महिने कांदा-लसूण वर्ज्य करावयाचा, म्हणून त्या दिवशीं भजीं, थालीपीठ, कांद्याची भाजी असा थाट होतो. एकत्र कुटुंबांत पंधरा पानें उठलीं कीं उरलेलें अन्न बहुधा घरच्या कुत्र्यापुढें जातें. त्यांत देणाऱ्याची भूतदयाच असते. वैश्वदेवाच्या वेळीं श्वानासाठींही घांस काढून ठेवावा, असें आपलें धर्मशास्त्र सांगतें. परंतु दान देतांना घेणाऱ्यास तें पचेल कीं नाहीं, हेंही पाहिलें पाहिजे.

कांदा, लसूण व कांद्याची पात ह्यांत गंधकयुक्त द्रव्यें असतात. आपणांस तीं सोसतात; कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी मात्र त्यांमुळें फुटतात व त्यास पंडुरोग जडतो. शिजविल्यानें, तळल्यानें किंवा वाळविल्यानें हा दोष जात नाहीं. म्हणून कांद्याच्या फोडी निवडून नुसता रस्सा भाकरीवर घातला, तरी धोका टळत नाहीं. वजनाच्या दर किलोमागें १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटांत गेला असतां अपाय दिसून येतो. दहा किलोच्या कुत्र्यास हें प्रमाण १५० ते ३०० ग्रॅम, म्हणजे दोन-तीन कांदे, इतकेंच होतें. लसूण ह्याहून तीव्र. आणि थोडें थोडें रोज दिल्यानेंही अपाय सांचत जातो.

मोठ्या कुटुंबांत येथेंच फसगत होते. आजोबा एक भजें देतात, मुलें दोन टाकतात, सूनबाई उरलेली भाजी घालतात. प्रत्येकास आपण दिलेलें तेवढेंच ठाऊक. शिवाय लक्षणें बहुधा त्याच दिवशीं न दिसतां कांहीं दिवसांनीं दिसतात. कुत्रा मलूल होतो, हिरड्या फिक्या पडतात, धाप लागते, मूत्र तांबूस होतें. आणि तोंवर त्या भज्यांची आठवण कोणासही राहिलेली नसते. यास्तव कुत्र्यास अन्न घालण्याचें काम घरांतील एकाच माणसाकडे असावें, व इतरांनीं त्यास विचारल्यावांचून कांहीं देऊं नये.

मग भाजी द्यावीच कीं नाहीं? अवश्य द्यावी. २०१३ सालीं ‘नेचर’ ह्या नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार पिष्टमय अन्न पचविण्याची शक्ति लांडग्यापेक्षां कुत्र्याच्या ठिकाणीं अधिक आहे. माणसाच्या सहवासांत तो आपली भाकरी पचवूं लागला. गाजर, तांबडा भोपळा, दुधी, श्रावणघेवडा, मटार, रताळें हीं त्यास चालतात. तीं मऊ उकडून, बारीक करून, मीठ, तिखट व फोडणी यांवांचून द्यावींत. कुत्रा घांस चावीत बसत नाहीं. दुधी आधीं चाखून पाहावा, कडू निघाल्यास टाकून द्यावा. कच्चा किंवा हिरवट बटाटा देऊं नये. मक्याचे दाणे चालतील, पण दाणे खाऊन उरलेलें कणीस कधींही टाकूं नये. तें आंतड्यांत अडकतें.

भाजीचें प्रमाण दिवसाच्या अन्नाच्या सुमारें दशांश असावें. नुसत्या पोळी-भाजीवर कुत्र्याचें पोषण होत नाहीं. शाकाहारी घरांत त्याचा आहार पशुवैद्यास विचारूनच ठरवावा. आणखी दोन वस्तु जपाव्या. द्राक्षें, मनुका व बेदाणे ह्यांनीं कुत्र्याचें मूत्रपिंड बिघडतें. चिंच खाल्लेल्या कुत्र्यांसही तोच विकार झाल्याचें अमेरिकेंतील पशुवैद्यांनीं २०२२ सालीं नमूद केलें. दोहोंतील टार्टारिक आम्ल हें त्याचें कारण असावें, असा त्यांचा तर्क आहे. तेव्हां आपली चिंचेची आमटीही त्याच्या ताटलींत नसावी.

चुकून कांदा अथवा मनुका खाल्ल्याचें कळलें, तर लक्षणांची वाट पाहत बसूं नये. मिठाचें पाणी पाजून ओकारी काढण्याचा घरगुती उपायही करूं नये. त्यानें दुसरेंच संकट ओढवतें. काय खाल्लें, किती खाल्लें, केव्हां खाल्लें व कुत्र्याचें वजन किती, इतकें कागदावर टिपून तडक पशुवैद्य गांठावा.

यंदा कांदेनवमीला भजीं तळण्यापूर्वीं साध्या उकडलेल्या भोपळ्याच्या चार फोडी कुत्र्यासाठीं वेगळ्या काढून ठेवाव्या, व मुलांस त्याचें कारण समजावून सांगावें. आपला चातुर्मास कार्तिकांत सुटेल. ह्या मुक्या प्राण्याचा बारा महिन्यांचा आहे, आणि तो पाळणें सर्वस्वीं आपल्या हातीं आहे.