अंगावर काढू नका, बायांनो!

दुखणं अंगावर काढणं हा आपल्याकडे बाईचा मोठा गुण समजला जातो. ताप आला? गोळी घेतली, कपाळाला बाम चोळला नि लागली भाकरी थापायला!

आमच्या बचत गटातली एक मैत्रीण अशीच दोन महिने खोकत होती. संध्याकाळ झाली की कणकण, वजन तर किती उतरलेलं. ‘हवा बदलली की होतं असं,’ म्हणायची. शेवटी मीच तिला सरकारी दवाखान्यात नेलं. बेडका तपासला, टीबी निघाला. तिथे टीबीच्या पेशंटला एचआयव्ही तपासणीही करायला सांगतात. समुपदेशक बाईंनी सगळं समजावलं, तिची संमती घेतली. तपासणी पॉझिटिव्ह आली.

नवरा चार वर्षांपूर्वी ‘काविळीनं’ गेला होता. खरा आजार सासरी सगळ्यांना माहीत होता. फक्त हिलाच कुणी सांगितलं नव्हतं!

‘ताई, माझं काय चुकलं हो?’ तिनं विचारलं. काय सांगणार? चुकलं होतं ते गप्प बसणाऱ्यांचं.

मला राग येतो तो याचाच. घराची अब्रू झाकायची आणि किंमत बाईनं मोजायची! उपचार नसते तर गोष्ट वेगळी. पण २००४ पासून सरकारी एआरटी केंद्रांत औषधं मोफत मिळू लागली. २०१७ पासून तर निदान झालं की उपचार, असं धोरण आहे. माझ्या मैत्रिणीला आधी टीबीची औषधं दिली, मग काही दिवसांनी ही सुरू केली. रोज न चुकता घेतली, तर विषाणू दबून राहतो. गरोदरपणी वेळेत कळलं, तर बाळाला लागण होण्याचा धोकाही खूप कमी होतो.

मात्र गोळी चुकवून चालत नाही. आणि चुकते कुणाची? तांदळाच्या डब्यात लपवून ठेवणारीची! पाहुणे आले की डबा उघडायची चोरी. म्हणून घरातल्या एका तरी माणसाला विश्वासात घ्या.

मैत्रिणींनो, शंका असेल तर तपासणी करून घ्या. सरकारी केंद्रात ती मोफत होते. २०१८ पासून लागू असलेल्या कायद्यानं तुमची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. १०९७ या हेल्पलाइनवर नाव न सांगताही विचारता येतं.

माझी मैत्रीण आज गटाचा हिशेब लिहिते, लेकीला शाळेत सोडते. चार वर्षं आधी कळलं असतं, तर टीबीपर्यंत वेळ आली नसती कदाचित. सासूबाईंनो, लेकाचं दुखणं माहीत असेल, तर सुनेला सांगा. तीही कुणाची तरी लेकच आहे ना?