लहान पेटी, मोकळी हवा

कसबा पेठेतील तांबट आळीत भांड्यांवर होणारे मठारकाम केवळ शोभेसाठी नसते. त्या ठोक्यांनी तांब्याचा पत्रा कणखर होतो. गल्ल्याजवळच्या संगणकासाठी थ्रीडी प्रिंटरवर लहान पेटी घडवणाऱ्या तरुणांनीही शोभेआधी उपयोग पाहावा. ‘मिनी-आयटीएक्स’ मदरबोर्ड अवघा १७ सेंटिमीटर लांब-रुंद असतो. मात्र पेटी लहान झाली की उष्णता कोंडते. पीएलए प्लास्टिक सुमारे ६० अंश सेल्सिअसला मऊ पडते. पीईटीजी त्याहून अधिक ताप सोसते. म्हणून प्रोसेसरजवळचे भाग पीईटीजीचे असावेत आणि वीजपुरवठ्याच्या भागाचे धातूचे आवरण काढू नये. गार हवा खालून यावी, तापलेली वरून जावी. याच पेटीत पेढीचा हिशेब राहणार आहे. हवेची वाट ठरल्यावाचून छपाई सुरू करू नये.