घराच्या आडोशास कोणती वेल लावावी?

मळ्यांतील वस्तीस आडोसा असावा, ही गरज आतां पूर्वीपेक्षां अधिक जाणवूं लागली आहे. ज्या घरापुढून एके काळीं केवळ गाडीवाट जात असे, त्याच्या दारावरून आज डांबरी सडक गेली आहे. आणि घरांतील स्त्रियांस न्हाणीपाशीं, धुण्याच्या दगडापाशीं, अथवा ओट्यावर धान्य निवडतांना, जाणाऱ्यायेणाऱ्यांच्या नजरा चुकवीत वावरावें लागतें. पुरुषमाणसें दिवसभर रानांत असल्यामुळें ही अडचण त्यांच्या लक्षांतही येत नाहीं.

ह्यावर उपाय म्हणून ठिकठिकाणीं हिरव्या शेडनेटची जाळी ताणलेली दिसते. कांहीं उन्हाळ्यांतच ती विरते, तिच्या चिंध्या बांधावरच्या बाभळींस लोंबकळतात, आणि तिच्यापासून घरास भाजीचें एक फळही मिळत नाहीं. ज्यांच्या हातीं जमीन, पाणी व शेणखत आहे त्यांनीं विकतच्या चिंधीआड राहावें, हें आम्हांस शोभणारें वाटत नाहीं. आडोसा वेलीचाच असावा व ती वेल खाण्याजोगें फळ देणारी असावी, असें आमचें मत आहे.

मात्र वेल निवडण्यापूर्वीं आडोसा कोणत्या महिन्यांत लागतो, हें पाहिलें पाहिजे. पावसाळ्यांत व हिवाळ्यांत उभी ज्वारी, तूर किंवा ऊस हींच पिकें घर थोडेंबहुत झांकतात. रान मोकळें झालें म्हणजे चैत्र-वैशाखांत घर चहूंकडून उघडें पडतें. दोडका, कारलें, पडवळ ह्या वेली मृगावर लावल्या तर दिवाळीच्या सुमारास वाळूं लागतात. म्हणजे गरज नसतांना पडदा व गरज असतांना वाळकी काटकी! ह्या वेली वाईट आहेत असें नव्हे. पण त्यांनीं आडोशावर पाहुणी म्हणून यावें, आडोशाचा भार त्यांच्यावर टाकूं नये.

द्राक्षवेलीचा मोह नाशिक व सांगलीकडील बागाईतदारांस सहज होतो, कारण काडी, तार, अँगल हें सर्व हाताशींच असतें. आडोशाच्या दृष्टीनें मात्र आम्ही ही वेल टाकाऊ समजतों. एप्रिलांतील खरडछाटणीनें ती उघडी होते आणि ऑक्टोबरांतील फळछाटणीनें पुन्हां उघडी होते. ऐन दिवाळीस लेकीबाळी माहेरीं आल्या असतां पडद्याच्या जागीं नुसत्या काड्या उभ्या. त्याहून मोठा दोष फवारणीचा. द्राक्षास एका हंगामांत किती वेळां औषध मारावें लागतें, हें बागाईतदारांस सांगावयास नको. तें औषध न्हाणीच्या भिंतीशीं व वाळत घातलेल्या कपड्यांवर उडावें काय? शिवाय सडकेच्या कडेचीं द्राक्षें मालकाच्या हातीं क्वचितच लागतात. हा अनुभव केवळ आपल्याकडचाच नाहीं. फ्रान्समध्यें बोर्दो शहराच्या आसपासचे बागवान वाटसरूंनीं घड तोडूं नयेत म्हणून कडेच्या ओळींवर मोरचूद व चुना शिंपडून ठेवीत. त्या ओळी केवडा रोगांतून वाचल्या, हें १८८२ सालीं मिलार्दे ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या दृष्टीस पडलें आणि १८८५ सालीं त्यानें त्याविषयींचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. आपलें बोर्डो मिश्रण तें हेंच.

आडोशाची मुख्य वेल तोंडलीचीच असावी. ती एकदां लागली म्हणजे कित्येक वर्षें टिकते, तिचीं मुळें जाड व गड्ड्यासारखीं असल्यानें पाण्याचा ताण सोसते, आणि उन्हाळ्यांत थोडें पाणी मिळालें तरी दाट हिरवी राहते. कडाक्याच्या थंडींत मात्र तिची वाढ मंदावते. हिच्यांत नर व मादी वेली निरनिराळ्या असतात. म्हणून बियांपासून लागवड करूं नये. शेजाऱ्याच्या भरपूर फळणाऱ्या वेलीची, पेन्सिलीएवढ्या जाडीची व तीन-चार डोळ्यांची काडी आणून लावावी. न्हाणीच्या सांडपाण्यावर ती चांगली पोसते, पण बुडाशीं पाणी तुंबूं देऊं नये. छाटणी एकदम सबंध न करतां यंदा अर्धी बाजू व ती फुटल्यावर दुसरी अर्धी, अशी करावी. फळें कोंवळींच तोडावीं. पिकून लाल झालीं कीं पक्षी तीं खाऊन बिया सर्वत्र टाकतात. हवाई व ग्वाम ह्या बेटांवर हीच वेल जाऊन रानेंच्या रानें झांकणारें तण झाली आहे.

तोंडलीच्या जोडीस वेली पावटा लावावा. त्याच्या जुन्या वेली जातींस दिवस लहान झाल्याशिवाय फूल येत नाहीं, म्हणून पावसाळाभर त्या नुसता पाला वाढवितात. शेंगांच्या दृष्टीनें हा दोष असेल. आडोशाच्या दृष्टीनें तो गुणच होय. तोंडली थंडीनें सुस्तावते त्याच वेळीं पावट्याचा बहर असतो.

कोकणांत व घाटमाथ्याच्या आसपास पॅशन फ्रूट लावून पाहण्याजोगें आहे. हें कृष्णकमळाच्या कुळांतील, मूळचें दक्षिण अमेरिकेचें फळ. सखल, उष्ण प्रदेशास पिवळ्या फळाची जात मानवते. तिचें फूल स्वतःच्या परागानें फळत नाहीं, यास्तव निरनिराळ्या रोपांच्या निदान दोन वेली हव्यात. परागाचें काम मोठे काळे भुंगे करतात व ते वाळक्या लाकडांत घर करतात. तेव्हां जवळचा एखादा जुना ओंडका जाळूं नये. शेरडांस मात्र हिच्या पानांपासून व कच्च्या फळांपासून दूर ठेवावें, कारण त्यांत विषारी द्रव्य असतें. देशावरील कोरड्या झळांत ही वेल लावण्याचा आग्रह आम्ही धरणार नाहीं.

वेलींत जनावर शिरतें, हा आक्षेप घरोघरीं ऐकूं येतो व तो खोटा नाहीं. सर्प उंदरांच्या मागें येतो, आणि उंदीर आडोशाच्या बुडाशीं रचलेल्या सरपणांत व गवतांत राहतात. जमिनीपासून हातभर भाग मोकळा ठेवावा. पाय दिसले म्हणून कांहीं बिघडत नाहीं. ताटी व भिंत ह्यांमध्यें माणसास झाडतां येईल एवढी वाट ठेवावी, आणि सरपण दुसरीकडे हलवावें.

गळालेलीं किडकीं फळें वेंचून खोल पुरावींत. दोडक्या-कारल्यांवरील फळमाशीस क्यू-ल्यूरचा सांपळा टांगला म्हणजे घराजवळ औषध मारण्याची गरज पुष्कळ कमी होते.

ताटी मात्र कच्ची करूं नये. पावसानें भिजलेल्या वेलीचें ओझें वाऱ्यांत किती होतें, ह्याचा अंदाज बहुतेकांस ताटी कोसळल्यावरच येतो. सात फूट उंचीचे खांब दोन फूट खोल गाडावे, सुमारें आठ-आठ फुटांवर ठेवावे, टोकाच्या खांबांस तिरपा टेकू द्यावा, व फूट-फूट अंतरानें जाड तार ओढावी. बांबू वापरावयाचा असल्यास जमिनींत जाणाऱ्या टोकास डांबर लावावें. हें काम वैशाखांतच उरकून घ्यावें. काड्या मृगाच्या पहिल्या चांगल्या पावसावर लावाव्या.