संकल्पस्वातंत्र्य आणि हिवरे बाजार

मनुष्यास संकल्पस्वातंत्र्य नाही, असे सांगणाऱ्यांची केवळ भाषा बदलली आहे. पूर्वी ते ललाटलेखाचा आधार घेत, हल्ली मेंदूच्या आलेखाचा घेतात. बेंजामिन लिबेट यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, हात हलविण्याच्या इच्छेची जाणीव होण्यापूर्वी सुमारे एक तृतीयांश सेकंद मेंदूत हालचाल सुरू झालेली आढळली. एवढ्यावरून मनुष्यास कळसूत्री बाहुली ठरविणे हा तर्क नव्हे, उतावीळपणा होय. हात कोणत्या क्षणी हलवावा, यात विचार करण्याजोगे आहे तरी काय?

विचारपूर्वक केलेला निश्चय पाहावयाचा असेल, तर या पंडितांनी अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारास जावे. गाव पर्जन्यछायेतले, पाऊस वर्षाकाठी सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास. श्री. पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाले, तेव्हा माणसे पोटासाठी गाव सोडून जात होती. पुढे ग्रामस्थांनी कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली, डोंगरउतारावर समतल चर खणले, शेतीसाठी कूपनलिका घेण्यास आणि ऊस-केळी लावण्यास मनाई केली. पाण्याचा ताळेबंद मांडून मग पिके ठरविण्याचा रिवाज पडला. गेलेली कुटुंबे परत आली.

नियतिवादी म्हणतील, 'सरपंचांचे शिक्षण, गावाचे दारिद्र्य, सरकारी योजना ही सारी कारणेच!' कबूल. परंतु ग्रामसभेतील विचारविनिमय हेही त्याच साखळीतील एक कारण नव्हे काय? तो वगळल्यास पुढचे कार्य घडतच नाही. 'होणार ते होणारच' हा कार्यकारणभावाचा निष्कर्ष नसून त्याचा इन्कार आहे. लोकमान्यांनी 'गीतारहस्या'त (१९१५) कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य यांचा विचार एकाच प्रकरणात केला, तो उगीच नव्हे.

मात्र 'मनात आणले तर काय अशक्य आहे?' असे म्हणून दुष्काळग्रस्तासच दोष देणाऱ्यांशीही आमचे जमत नाही. शेजाऱ्याने खोल कूपनलिका घेतली की आपली विहीर आटते. मग एकट्या शेतकऱ्याचा संयम काय कामाचा? त्यालाही कर्ज काढून अधिक खोल जावे लागते. सर्वांनी मिळून बंधन घातले, तेव्हाच न खणण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकास लाभले. स्वातंत्र्य ही एकट्याच्या अंतःकरणात दडलेली वस्तू नव्हे. पुष्कळदा ते चौघांनी बसून निर्माण करावे लागते.

आमच्या सुशिक्षित वर्गाला नियतिवाद प्रिय होण्याचे कारणही येथेच आहे: त्याने बैठकीस जाण्याचा त्रास वाचतो. ज्यांना संकल्प हा भ्रम वाटतो, त्यांनी आपल्या गावच्या ग्रामसभेस एकदा हजर राहावे आणि मगच आमच्याशी वाद घालावा.