‘तो मी नव्हेच’, टॉटनहॅम आवृत्ती

गाण्यांच्या निमित्ताने गप्पा मारण्याच्या या सदरात या वेळी जरा लांब जाऊ या, थेट उत्तर लंडनमधल्या टॉटनहॅमला. फुटबॉल पाहणाऱ्यांना हे नाव माहीत असेलच. तिथल्या मेरिडियन वॉक या वसाहतीत एका नायजेरियन कुटुंबातली चार भावंडं वाढली. थोरला जोसेफ ज्युनियर अदेनुगा, जन्म १९८२. जग त्याला स्केप्टा म्हणून ओळखतं. धाकटा भाऊ जेएमई हाही रॅपर, आणि बहीण ज्युली रेडिओवरची नावाजलेली निवेदिका. आईवडिलांनी घरात कोणतं पाणी पाजलं असेल, असा प्रश्न पडतो!

स्केप्टाच्या संगीताला ग्राइम म्हणतात. अमेरिकन हिप-हॉपचं हे भाषांतर नव्हे. २००० नंतरच्या दोन-तीन वर्षांत पूर्व लंडनच्या वस्त्यांमधून ते वर आलं. जमैकाहून आलेल्या लोकांची साउंड सिस्टिमची परंपरा, नव्वदच्या दशकातलं जंगल आणि मग गराज या क्लबमधल्या संगीताचे प्रकार, हे सगळं त्यात मुरलं आहे. वेग मिनिटाला साधारण १४० ठोके. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला यातली गंमत वेगळीच वाटते. यातली बरीच गाणी फ्रुटीलूप्स या सॉफ्टवेअरवर, घरातल्या साध्या कॉम्प्युटरवर तयार झाली. स्टुडिओचं भाडं परवडत नव्हतं, मग बेडरूमचाच स्टुडिओ. प्रसारणासाठी विनापरवाना पायरेट रेडिओ. कुठल्यातरी उंच इमारतीच्या गच्चीवर अँटेना लावायचा आणि पकडला जाईपर्यंत वाजवत राहायचं.

स्केप्टाची सुरुवात डीजे म्हणून झाली. माइक त्याने नंतर हातात घेतला. २००५च्या सुमारास दोघा भावांनी ‘बॉय बेटर नो’ हे स्वतःचं लेबल काढलं. गाण्यांबरोबर त्या नावाचे टी-शर्टही विकले. म्हणजे संगीत आणि कपडे ही जोडी पहिल्यापासूनची आहे.

‘स्वतंत्र कलाकार’ म्हणजे नेमकं काय, हेही इथे सांगतो. मोठी कंपनी कलाकाराला आगाऊ रक्कम देते, जाहिरात करते, आणि त्या बदल्यात बहुधा मूळ ध्वनिमुद्रणाचे हक्क स्वतःकडे ठेवते. कलाकाराच्या हाती रॉयल्टीचा एक हिस्सा येतो. स्वतंत्र कलाकार खर्च स्वतः करतो, तोटा झाला तर तोही त्याचाच, पण गाणं त्याच्या मालकीचं राहतं. आमच्या भाषेत सांगायचं तर नोकरीत लिहिलेला कोड कंपनीचा, आणि रात्री जागून स्वतःसाठी लिहिलेला आपला.

मध्यंतरी, २०१०-११च्या आसपास, स्केप्टाने चार्टमध्ये वर जाण्यासाठी गुळगुळीत पॉपचा रस्ता धरून पाहिला. गाणी बरी चालली, पण ग्राइमचे जुने श्रोते हळहळले. मग २०१४ मध्ये जेएमईला सोबत घेऊन त्याने ‘दॅट्स नॉट मी’ हे गाणं काढलं. मराठीत म्हणायचं तर ‘तो मी नव्हेच’! अत्र्यांच्या नाटकातला निपाणीचा लखोबा लोखंडे हे वाक्य सुटका करून घेण्यासाठी म्हणतो. स्केप्टाचं उलट आहे. महागडी डिझायनर लेबलं मिरवणारा तो मी नव्हे, आणि ते कपडे मी टाकून दिले, असं तो स्वतःला उद्देशून सांगतो. जुन्या टेपवर घेतल्यासारखा दिसणारा त्याचा व्हिडिओ फक्त ८० पौंडांत झाला, असं सांगतात. त्याच व्हिडिओला त्या वर्षीचं मोबो पारितोषिक मिळालं.

त्यानंतर त्याचा पोशाख म्हणजे ट्रॅकसूट आणि स्पोर्ट्स शूज. यात काय विशेष, असं तुम्ही विचाराल. आपल्याकडे आजोबाही सकाळी ट्रॅकसूट घालून फिरायला जातात! पण लंडनमध्ये कृष्णवर्णीय मुलाने तोच घातला की दुकानातला रखवालदार मागे मागे फिरतो, क्लबच्या दारावरून परत पाठवतात. २००५ मध्ये केंटमधल्या ब्लूवॉटर या मोठ्या मॉलने हुडी घालून डोकं झाकणाऱ्यांना बंदी केली होती. त्याच काळात लंडनच्या पोलिसांनी ‘फॉर्म ६९६’ आणला. कार्यक्रमाआधी आयोजकाने तो भरायचा. सुरुवातीला त्यात संगीताचा प्रकार आणि प्रेक्षक कोणत्या वंशाचे, हेही विचारलं जाई. या फॉर्मवरून ग्राइमचे कितीतरी कार्यक्रम रद्द झाल्याची तक्रार कलाकार वर्षानुवर्षं करत राहिले. शेवटी २०१७ मध्ये तो फॉर्म रद्द झाला.

२०१५च्या ब्रिट पुरस्कार सोहळ्यात कान्ये वेस्टने स्केप्टासह ग्राइमच्या अनेक कलाकारांना काळ्या कपड्यांत स्टेजवर आणलं. काही प्रेक्षकांना त्याची भीती वाटली. स्केप्टाने रागाने उत्तर दिलं नाही. ‘शटडाउन’ या पुढच्या गाण्यात त्याने अशाच एका तक्रारखोर प्रेक्षक बाईंचा आवाज मध्येच घालून दिला. ऐकताना हसू येतं, आणि मग ती भीती कशाची होती, ते लक्षात येतं.

२०१६ मध्ये ‘कोनिचिवा’ हा अल्बम आला, स्वतःच्याच लेबलवर. डेव्हिड बोवी आणि रेडिओहेड यांचे अल्बम स्पर्धेत असताना मर्क्युरी पारितोषिक स्केप्टाला मिळालं. पुढच्या वर्षी नायकेने त्याच्यासोबत एअर मॅक्सचा बूट काढला, मोरोक्कोच्या प्रवासातून सुचलेल्या रंगांचा. ‘मेन्स’ हा त्याचा स्वतःचा कपड्यांचा ब्रँडही त्याच वर्षीचा, आणि २०२३ मध्ये त्याने तो लंडन फॅशन वीकमध्ये नव्याने आणला.

इथे एक शंका मनात येतेच. डिझायनर कपडे टाकून दिले म्हणणारा स्वतःच डिझायनर झाला, आणि त्याच्या कपड्यांची किंमतही काही वस्तीतल्या मुलांच्या खिशाची नव्हे. ही विसंगती आहेच, आणि चाहत्यांनी ती झाकू नये. फरक मला एवढाच दिसतो, की आधी तो दुसऱ्याच्या नावाखाली मोठा दिसायला पाहत होता. आता मोठ्या दुकानात गेलेला ट्रॅकसूट त्याच्याच वस्तीचा आहे.

मला सगळ्यात आवडतो तो त्याचा उच्चार. अमेरिकन ढब उसनी न घेता तो टॉटनहॅमच्या बोलीत गातो, मधूनच घरचा नायजेरियन सूर लागतो. शाळेत असताना आफ्रिकन असणं ही चिडवण्याची गोष्ट होती, हे त्याने स्वतःच गाण्यातून सांगितलं आहे. २०१८ मध्ये नायजेरियाच्या ओगुन राज्यातल्या मूळ गावी त्याला सरदारकीचा मान मिळाला. आम्हा बडोदेकरांना यातलं काही अनोळखी नाही. आमच्या मराठीत गुजराती शब्द सहज येतात, आणि पुण्याला लग्नाकार्याला गेलं की कोणीतरी ‘तुमचं मराठी जरा वेगळंच हं’ म्हणतंच. बेळगावच्या, इंदूरच्या, हैदराबादच्या मंडळींनाही हा अनुभव असणार. अशा वेळी आमची तरुण पोरं एकतर गप्प बसतात, नाहीतर हिंदी-इंग्रजीवर जातात. मला वाटतं, आपण आपल्याच मराठीत बोलत राहावं. ती चुकीची नाही, आपल्या गावची आहे.

ऐकायचं असेल तर ‘दॅट्स नॉट मी’पासून सुरुवात करा, मग ‘शटडाउन’, मग पूर्ण ‘कोनिचिवा’. शिव्या आहेत, तेव्हा लहान मुलं आसपास असतील तर हेडफोन लावा. पहिल्यांदा शब्द कळणार नाहीत, इतका वेग आहे. दुसऱ्यांदा गीताचे शब्द समोर उघडून ऐका. आणि बेडरूममध्ये लॅपटॉपवर आपल्या बोलीत काही करणारं कोणी तुमच्या घरात असेल, तर मला जरूर कळवा. पुढच्या एखाद्या भागात त्यांच्याविषयी लिहायला आवडेल.