माळ्यावरचा लॅपटॉप

दिवाळीची साफसफाई म्हणजे माळा रिकामा करणं आलंच. फुटका कुकर, जुन्या गाद्या, मुलांच्या कंपासपेट्या... आणि त्यातच धूळ खात पडलेला मुलाचा कॉलेजचा लॅपटॉप. दारात भंगारवाला उभा होता. म्हणाला, ‘‘तीनशे देतो, बाई.’’ चाळीस हजारांची वस्तू, तीनशे रुपये! मी देणारही होते. पण पुण्याहून आलेला लेक म्हणाला, ‘‘आई, अगं थांब. तो बिघडलेला नाही, म्हातारा झालाय फक्त.’’

मैत्रिणींनो, हे वाक्य माझ्या मनात का रुतलं, ते सांगते. त्याच आठवड्यात आमच्या बचत गटात एक प्रकरण झालं होतं. आमच्यातल्या एका मावशींनी गटातून 6 हजारांचं कर्ज घेतलं होतं. महिना 2 टक्के व्याज, आणि दर महिन्याला 500 रुपये मुद्दल. बारा महिने झाले, मावशी म्हणाल्या, ‘‘माझं फिटलं.’’ वही म्हणत होती, 660 रुपये बाकी! बैठकीत कुजबुज सुरू झाली. एकीने तर तोंडावर म्हटलं, ‘‘मावशी, विसरला असाल तुम्ही.’’ मावशी काही बोलल्या नाहीत. पुढच्या बैठकीला आल्याच नाहीत.

आणि वही कुणाच्या हातची? माझ्या! बी.ए. झालेली, अक्षर सुंदर, म्हणून सगळ्यांनी मोठ्या विश्वासाने ती माझ्याकडे सोपवलेली.

लेकाने लॅपटॉप गावातल्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. जुनी हार्डडिस्क काढून तिथे एसएसडी बसवली, आतली धूळ झटकली. मजुरीसकट अडीच हजार गेले. मग त्याने त्यावर विंडोजऐवजी ‘लिनक्स मिंट’ टाकलं. ते फुकट मिळतं, आणि 4 जीबी रॅमच्या जुन्या यंत्रावरही नीट चालतं. विंडोज 7 ला मिळणारी सुरक्षेची दुरुस्ती 2020 मध्येच थांबली. विंडोज 10 चा नेहमीचा आधारही 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 तर बहुतेक जुन्या लॅपटॉपवर अधिकृतपणे चालतच नाही. त्यामुळे घरोघरी चांगली यंत्रं आता ‘टाकाऊ’ ठरताहेत. बॅटरी टिकत नाही म्हणून आमचं यंत्र प्लगला लावूनच वापरायचं ठरलं. चूल तरी कुठे फिरते घरभर!

मिंटमध्ये ‘लिब्रे ऑफिस’ आधीच असतं. त्यातला हिशेबाचा तक्ता लेकाने मला शिकवला. म्हणाला, ‘‘एखाद्या गटाचा खरा हिशेब घाल.’’ मी मावशींचंच कर्ज घातलं. पहिल्या महिन्याला 6,000 वर व्याज 120. दुसऱ्या महिन्याला उरलेल्या 5,500 वर 110. मग 100, 90, 80... शेवटच्या महिन्याला 10. बेरीज 780. आणि माझ्या वहीत? दर महिन्याला तेच 120! म्हणजे 1,440. फरक 660 रुपयांचा. मी मुद्दल उतरवत होते, पण व्याज पूर्ण रकमेवरच लावत बसले होते. मावशी मात्र दर महिन्याला दहा-दहा रुपये कमी करून अगदी चोख भरत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. हात जोडले. त्या म्हणाल्या, ‘‘ताई, मी अंगठेबहाद्दर. पण पैसा मला कळतो हो.’’ पुढच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर महिन्यामागून महिना हिशेब वाचून दाखवला आणि चूक माझी होती हे सांगितलं. ज्या बाईने टोमणा मारला होता, तिनेच मावशींना जागा करून दिली.

आता कुणी म्हणेल, म्हणजे यंत्राने न्याय दिला. तसं नाही हं! सूत्र चुकीचं घातलं असतं, तर यंत्रानेही चुकीचंच उत्तर सुबकपणे दाखवलं असतं. म्हणून आमची कागदाची वही बंद केलेली नाही. दर महिन्याचा तक्ता छापून वहीत चिकटवायचा, बैठकीत मोठ्याने वाचायचा आणि प्रत्येकीने आपली ओळ ऐकायची, असा नियम केला आहे.

त्या लॅपटॉपला आता फुरसत नाही. दुपारी वस्तीतल्या तीन मुली टायपिंगचा सराव करतात. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टंकलेखन परीक्षेत मराठीची पहिली पायरी मिनिटाला 30 शब्दांची. क्लासमध्ये मिळणारा वेळ पुरत नाही, आणि मोबाइलवर बोट फिरवून हात बसत नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात. ती एकदा उतरवून ठेवली, की नेट नसतानाही उघडतात. शिवणकाम करणारी एक जण मापं आणि उधारी त्यात लिहून ठेवते.

तुमच्याही माळ्यावर असं यंत्र असेल, तर काही गोष्टी सांभाळा. जुनं विंडोज तसंच असेल, तर त्यावर बँकेचे किंवा आधारचे व्यवहार करू नका. नेटशिवाय लिहिण्या-वाचण्यापुरतं ठेवा. बॅटरी फुगलेली दिसली, तर चार्जिंगला लावायचं नाही, टोचायचं तर मुळीच नाही. जाणकाराकडून काढून घ्या. दुसऱ्या कुणाला देण्याआधी आतले फोटो, कागदपत्रं साफ करून घ्या. नुसतं डिलीट केल्याने ती पुसली जात नाहीत. आम्ही तर जुनी डिस्क कपाटातच ठेवली. आणि खरंच कामातून गेलं असेल, तर ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडे द्या. त्यासाठीचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. उघड्यावर तारा जाळून तांबं काढतात, तो धूर शेवटी कुणाच्या तरी लेकरांच्याच छातीत जातो.

एक मात्र विचारावंसं वाटतं. घरात नवा लॅपटॉप येतो, तो मुलाच्या शिक्षणासाठी नाहीतर साहेबांच्या कामासाठी. आपल्या नावाचं यंत्र म्हणजे मिक्सर! जुना झालेलाही आपल्या हाती येत नाही, थेट माळ्यावर जातो. ‘मला काय कळतंय त्यातलं’ असं मीही वीस वर्षं म्हणत आले. त्या ‘न कळण्या’ची किंमत मात्र एका प्रामाणिक बाईने चारचौघींत मान खाली घालून मोजली.

तेव्हा यंदा माळा काढाल, तेव्हा भंगारवाल्याला जरा दारात थांबवा. आमच्या मावशी परवाच विचारत होत्या, ‘‘ताई, त्यात माझं नाव कसं लिहायचं?’’ आता रोज एक अक्षर चाललंय.