रात्रीच्या विजेचा हिशेब



भर उन्हात थंड राहणारी फिल्म, रात्रीच्या आभाळातून काढलेली वीज, अशा बातम्या आता आपल्यापर्यंत येऊ लागल्या आहेत. नव्या तंत्रज्ञानाला आम्ही कधी भ्यालो नाही. पण हिशेब मांडल्याशिवाय काही विकतही घेत नाही.

यातले शास्त्र ज्वारीवाल्याला परके नाही. निरभ्र रात्री ज्वारीच्या पानावर दहिवर पडते, आभाळ आले की पडत नाही. पान आपली उष्णता सरळ आभाळाला देऊन टाकते आणि हवेपेक्षा थंड होते. ढग आडवा आला की ती वाट बंद. हेच काम दुपारी करायचे तर ऊन परतवायचे आणि उष्णता मात्र बाहेर जाऊ द्यायची. असा गुण पदार्थाची बारीक रचना बदलून आणतात, त्याला मेटामटेरियल म्हणतात. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात यांग आणि यिन यांनी २०१७ साली अशी फिल्म केली. प्लास्टिकमध्ये डोळ्याला न दिसणारे काचेचे मणी, खाली चांदीचा मुलामा, जाडी ५० मायक्रॉन. भर उन्हात तिने चौरस मीटरला ९३ वॅट उष्णता बाहेर टाकली.

हे ९३ वॅट थंडाव्याचे, विजेचे नव्हेत. भाषणात ही गल्लत होणारच!

वीज काढली ती रमण आणि सहकाऱ्यांनी, २०१९ साली. काळ्या रंगाची साधी तबकडी आभाळाखाली थंड होऊ दिली आणि तिच्या व हवेच्या तापमानातील फरकावर एक छोटा दिवा लावला. उत्पन्न चौरस मीटरला २५ मिलिवॅट. तीन हॉर्सपॉवरचा पंप मागतो सुमारे २,२३८ वॅट. करा भागाकार: बावीस एकर! २०२२ साली स्टॅनफर्डमध्ये सौर पॅनेलवरून रात्री ५० मिलिवॅट मिळाले. तरी अकरा एकर लागतातच. सगळे शिवार तबकड्यांनी झाकल्यावर पाणी द्यायचे कशाला?

रात्री पाणी द्यायला गेलेली माणसे साप चावून मेली आहेत. म्हणून पंपाला दिवसा वीज ही मागणी अशा बातम्यांवर सोडता येणार नाही.

फिल्मचे मात्र वेगळे आहे. पावसाळ्यात ती फारशी चालणार नाही, धूळ बसली की काम घटणार. पण चैत्र-वैशाखाच्या कोरड्या हवेत भाजीपाल्याच्या कोठीवर ती उपयोगी पडू शकेल. कृषी विद्यापीठांनी मे महिन्यात टिनाच्या छपरावर ती लावून पाहावी आणि चौरस मीटरचा खर्च व किती अंश फरक पडला ते छापावे. अनुदान नको, ठरावीक विक्रेत्यांची यादीही नको. परवडले तर आम्ही रोखीने घेऊ.